वाघ पाहा आणि उत्तरे लिहा

शाळेच्या सहलीसाठी मुख्याध्यापकांचं लाडकं ठिकाण कोणतं, तर प्राणिसंग्रहालय. समुद्र नको, धरण नको, गड तर नकोच, कारण तिथे मुलं हाताबाहेर जातात. प्राणिसंग्रहालयात जे जे धोकादायक ते आधीच जाळीपलीकडे कोंडलेलं असतं. अलीकडे सांभाळायची ती फक्त सहावी ‘ब’. संडासाची सोय असते, सावली असते, चढ नसतो. शिवाय अर्जावर ‘शैक्षणिक’ लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणजे वाघ पाहणं हे शिक्षणच आहे, याबद्दल निदान महामंडळाला तरी शंका नाही.

सहलीच्या आठवडाभर आधी घरी सूचनापत्र येतं. कोरडा खाऊ आणावा, मोबाइल आणू नये, मौल्यवान वस्तू हरवल्यास शाळा जबाबदार नाही आणि प्राण्यांना त्रास देऊ नये, अशा क्रमाने नियम असतात. खाली पालकांनी सही करायची. ही सही अगदी योग्य माणसाची घेतलेली असते. का ते पुढे येईलच. वर्गाबरोबर दोन पालक ‘स्वयंसेवक’ म्हणून लागतात आणि पालकसभेत जे मान खाली घालून बसलेले असतात त्यांतूनच ते निवडले जातात. त्यामुळे पुण्यात कात्रजला मी मुलीच्या वर्गाबरोबर जाऊन आलो, आणि पुढे भाचरांच्या निमित्ताने मुंबईच्या राणीच्या बागेतही.

अशा सहलीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे मुलं मोजणे. प्राणी हा जोडकार्यक्रम. बसमध्ये चढताना मोजतात, उतरताना मोजतात, तिकिटाच्या खिडकीशी मोजतात, संडासाला जाण्यापूर्वी आणि आल्यावर मोजतात. बाई जोड्या लावून मोजतात, सर डोक्यावर टपली मारून मोजतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. ओळखू यावीत म्हणून मुलांना पिवळ्या टोप्या दिलेल्या असतात. त्या दिवशी आलेल्या बाकीच्या तीन शाळांनीही हाच विचार करून पिवळ्याच टोप्या आणलेल्या असतात. आमच्या वर्गात एक मुलगा जास्त भरला. चौकशीअंती तो शेजारच्या शाळेचा निघाला. त्याच्या रांगेत अजून खाऊची वेळ झाली नव्हती आणि आमच्या रांगेत चिवडा वाटत होते, एवढ्यावरून त्याने शाळा बदलली होती. परत जायला तो तयार नव्हता.

प्राण्यांचीही रोज हजेरी होते, हे त्याच दिवशी कळलं. सकाळी प्राणीरक्षक आपापल्या खंदकातले, पिंजऱ्यातले प्राणी बघतो, मोजतो, कुणी खाल्लं, कुणी टाकलं, कुणाची शी कशी झाली, हे सगळं वहीत लिहितो. आमच्या बाई ते ऐकून हळहळल्या. त्यांच्या मते हरणं मोजणं सोपं, कारण हरणांच्या कळपात दुसऱ्या संग्रहालयाचं हरीण चिवड्यासाठी येऊन उभं राहत नाही.

पुण्याला या प्रकाराची परंपरा जुनी आहे. पेशव्यांनी पुण्यात शिकारखाना ठेवला होता आणि त्यातल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये काढलं. आज ते अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ‘आवडत्या प्राण्याचे चित्र काढा’ हा गृहपाठ मनापासून केलेला पहिला पुणेकर बहुधा हाच. त्याच्याबरोबर बाई नव्हत्या, ‘चला, पुढे चला’ कुणी म्हटलं नाही, म्हणून चित्र पुरं झालं.

माझ्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे पेशवे पार्क. १९५३ साली सुरू झालेलं. पिंजरे लहान, वाघ हाताच्या अंतरावर, बाहेर फुलराणी नावाची छोटी आगगाडी. पुढे प्राणी कात्रजला गेले, फुलराणी मागे राहिली. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा पसारा १३० एकरांचा, मध्ये तळं, आणि वाघापुढे गजांऐवजी खंदक. आत झाडी, दगड, पाण्याचं डबकं. वाघाला वाटलं तर तो दिसतो. पुण्यातल्या ज्येष्ठांना हे अजून मंजूर नाही. ‘आमच्या वेळी वाघ कसा समोर असायचा’, असं ते अशा सुरात म्हणतात की वाघांची पिढीही आताच्या मुलांसारखीच बिघडली असावी. खंदकाच्या कठड्याशी उभे असलेले एक आजोबा तर उघड म्हणाले, “तिकिटाचे पैसे घेतात आणि वाघ लपवून ठेवतात.” शेजारी उभ्या असलेल्या आमच्या वर्गातल्या मुलीने वर न बघता सांगितलं, “त्याला एकट्याला बसायचं असेल.”

जुने पिंजरे मोडून खंदक का खणले, प्राण्याला लपायला जागा का द्यायची, यावर जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी पुस्तकं लिहिली, आपल्याकडे त्यासाठी १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, नियम आले. त्या सगळ्याचं सार या मुलीने चिवडा खाता खाता सांगितलं. आजोबांना पटलं नाही.

आता अभ्यासाकडे वळू. सहल शैक्षणिक असल्यामुळे प्रत्येकाच्या हातात कृतिपत्रिका असते. प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, आहार, आयुर्मर्यादा, गर्भधारणेचा काळ. ही सगळी माहिती पिंजऱ्याशेजारच्या फलकावर लिहिलेली असते, त्यामुळे मुलं येतात, फलकाकडे तोंड आणि प्राण्याकडे पाठ करून उभी राहतात आणि भराभर उतरवून घेतात. ज्यांना फलक दिसत नाही ती पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून त्याचं बघून उतरवतात. सांबर मागे उभं राहून मान तिरकी करून पाहत होतं. त्या दहा मिनिटांत कुणी कुणाचा अभ्यास केला असेल, तर तो सांबराने सहावी ‘ब’चा.

हत्तीच्या फलकापाशी एकाने विचारलं, “बाई, गर्भधारणेचा काळ बावीस महिने म्हणजे काय?” बाई म्हणाल्या, “म्हणजे पुढे चला.” त्याने ते उत्तर लिहिलं की नाही माहीत नाही, पण मागून एका चिमुरडीने खुलासा केला, “म्हणजे हत्तीचं बाळ आईच्या पोटात दोन वर्षं असतं, दोन महिने कमी.” मग ती हत्तिणीकडे बराच वेळ बघत राहिली. कृतिपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता.

वाघाशी आम्ही पोचलो तेव्हा ऐन दुपार झाली होती. सहलीची बस नेहमी दुपारीच पोचते, आणि वाघ पहाटे आणि संध्याकाळी हिंडतो, दुपारी झोपतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आजवर कोणत्याही शाळेने केलेला नाही. वाघ एका झाडाखाली कुशीवर पडला होता. मुलं कठड्याला लागून उभी राहिली आणि गप्प झाली. इतका वेळ जे बाईंना आणि सरांना जमलं नव्हतं ते झोपलेल्या वाघाने केलं. कुजबुजत होती ती फक्त, “श्वास घेतोय, पोट बघ.” “कान हलला!” “माशी होती.” “शेपटीचं टोक बघ.”

आणि मागून आवाज आला, “ए वाघ्या! ऊठ की!”

तो एक चांगला पन्नाशीचा गृहस्थ होता. खांद्यावर नातू, हातात वेफर्सची पुडी. त्याने आधी शीळ घातली, मग टाळ्या वाजवल्या, मग कठड्यावर चप्पल आपटली. “लाजतोय, लाजतोय,” असं बायकोला सांगितलं. तिनेही दोन टाळ्या वाजवल्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ३८-जेप्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं हा गुन्हा आहे. त्या गृहस्थाने पाच मिनिटांत इजा सोडून बाकी सगळं कलम पुरं केलं. पुडी संपल्यावर कागदही तिथेच टाकला. मग वळला आणि आमच्या मुलांना म्हणाला, “पोरांनो, गडबड करू नका हं.”

मुलं त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने त्यांनी अख्ख्या दिवसात एकाही प्राण्याकडे पाहिलं नव्हतं. कृतिपत्रिकेत ‘वाघाच्या हालचालींचे वर्णन करा’ असा पाच गुणांचा प्रश्न होता. एकाने लिहिलं: कान एकदा हलला. शेपूट दोनदा. एक काका सारखे हलत होते. बाईंनी त्याला पाचपैकी दोन दिले. माझ्या हातात लाल पेन असतं तर सहा दिले असते.

पांढऱ्या वाघाशी पुन्हा तेच. तिथे मोठ्यांचं ज्ञान उतू जात होतं. ‘ही वेगळी जात आहे’, ‘हिमालयातला आहे’, ‘बर्फात राहतो म्हणून पांढरा’. वस्तुस्थिती अशी की पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. रंगाचा एक दुर्मीळ दोष, एवढंच. १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, मोहन त्याचं नाव, आणि त्याच्या वंशावळीत जवळच्या जवळ लग्नं लावत लावत पुढचे पांढरे वाघ झाले. हे फलकावरून नव्हे, बरोबर आलेल्या मार्गदर्शक ताईंनी सांगितलं. मुलांना पटलं. “म्हणजे भाऊबहिणींची?” एकाने नाक मुरडून विचारलं. ताई हो म्हणाल्या. हिमालयवाले काका मात्र बायकोला हळूच सांगत होते, “यांना काय माहिती असतं!”

इथे जरा गंभीर होतो. कात्रजला गवा आहे. त्याच्या फलकाशी मोठी माणसं हमखास ‘रानरेडा’ म्हणतात. पण रेडा निराळा, गवा निराळा. डिसेंबर २०२० मध्ये असाच एक गवा रानातून भरकटून पुण्यात कोथरूडला आला. शहरातली सुशिक्षित माणसं मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावली. तो गल्ल्यांमधून, भिंतींवरून जीव घेऊन पळत राहिला. शेवटी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं, पण तो वाचला नाही. त्या गर्दीतले बहुतेक जण लहानपणी पेशवे पार्कात जाऊन आलेले असणार. त्यांनी सहलीचा निबंध लिहिला असणार, त्यात ‘प्राणी आपले मित्र आहेत’ हे वाक्य असणार आणि त्याला गुणही मिळाले असणार.

सहलीतला सगळ्यात चांगला तास सर्पोद्यानाचा. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलं. त्याआधी १९८० मध्ये त्यांनी पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते, डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दाखवण्यासाठी. ताईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मोठ्यांनी ‘बाप रे’ म्हटलं. मुलांचे प्रश्न निराळे होते. “झोपले कधी?” “कुशीवर वळताना साप खाली आला तर?” “सापांना खायला काय दिलं?” बाप रे म्हणून विषय संपतो, पण कुशीवर कसं वळायचं हा विचार केला की माणूस त्या खोलीत जाऊन बसतो.

ताईंच्या हातात साप नव्हता, ते बरंच. होती फक्त सापाची कात, आणि ती हातोहात फिरली. डोळ्यांवरची पारदर्शक खपलीसुद्धा कातीबरोबर निघते, हे मुलांनी बोट लावून पाहिलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं दाखवून झाली. मग प्रश्नोत्तरं. पहिला हात सरांचा.

“मॅडम, साप डूख धरतो ना?”

ताईंनी शांतपणे सांगितलं की माणसाचा चेहरा लक्षात ठेवून, पत्ता काढून, वर्षांनी घरी येऊन सूड घेण्याइतकी सापाच्या मेंदूची झेप नसते. सर खाली बसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी सिनेमावरचा विश्वास सोडलेला दिसत नव्हता. मग दुसऱ्या स्वयंसेवक पालकांनी नागमण्याचं विचारलं. बाईंनी नागपंचमीच्या दुधाचं विचारलं. साप दूध पचवत नाही. दिवसेंदिवस तहानेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो, आणि गारुडी नेमकं हेच करतात, असं ताई म्हणाल्या. बाईंचं तोंड कसंनुसं झालं. मागे उभे असलेले बसचे ड्रायव्हरकाका इतका वेळ गप्प होते. ते पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, ते दुतोंडं मांडूळ हल्ली केवढ्याला जातं?”

ताईंनी त्यांना सांगितलं की मांडुळाला तोंड एकच असतं, दुसरी बाजू म्हणजे आखूड बोथट शेपूट. त्याने गुप्तधन सापडत नाही. आणि ते विकणाऱ्याला नि विकत घेणाऱ्याला जी जागा मिळते तिलाही गजच असतात. काका म्हणाले, “नाही, सहज विचारलं.”

या सगळ्यात मागच्या रांगेत एक बारकेला मुलगा कधीपासून हात वर करून बसला होता. हात दुखला म्हणून दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, “साप तर सगळा सारखाच असतो. मग त्याची शेपूट कुठून सुरू होते?”

मोठी माणसं हसली. सरांनी ‘खाली बस’ अशी खूण केली. ताई मात्र खुलल्या. त्या दिवसभरातला खरा प्राणिशास्त्राचा प्रश्न तोच होता. “जिथून सापाला शी होते ना,” त्या म्हणाल्या, “तिथे पोटाच्या खवल्यांमध्ये एक आडवी फट असते. तिच्या पलीकडे शेपूट. अलीकडे, डोक्याच्या बाजूला, धड.” शी हा शब्द मोठ्या माणसाने माइकवर उच्चारल्यामुळे वर्ग दोन मिनिटं आटोक्यात येईना. पण त्या सगळ्यांना आता सापाचं धड कुठे संपतं ते मरेपर्यंत लक्षात राहील. डूख धरण्याच्या प्रश्नाबद्दल तसं सांगता येणार नाही.

त्यानंतर प्राण्यांच्या स्वयंपाकघराची हकिकत झाली. अस्वलाला काय, माकडाला किती, कुणाचं फळ चिरून आणि कुणाचं अख्खं, सगळं तोलून मापून. उन्हाळ्यात फळं घालून गोठवलेले बर्फाचे गोळे देतात, हे ऐकून वर्गात खळबळ उडाली. “आम्हाला का नाही?” याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, जंगलात रोज शिकार मिळत नाही आणि पोटाला विश्रांती लागते म्हणून. हे ऐकताच दुसऱ्या स्वयंसेवक पालक, म्हणजे वर्गातल्या एकाच्या आई, एकदम सरसावल्या. “बघ! वाघसुद्धा उपास करतो!” त्यांनी लेकाला सुनावलं. लेकाने विचारलं, “साबुदाण्याची खिचडी खातो का?” नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग तो खरा उपास.” आई नंतर बसमध्येही त्याच्याशी बोलत नव्हती.

मुंबईच्या राणीच्या बागेचा मामला जरा वेगळा. ती १८६२ पासूनची, आणि मुंबईकराला तिथे गेल्यावर प्राण्यांपेक्षा आधी आपलं बालपण शोधायचं असतं. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगावं लागतं. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला नेत होते. उचलताना साखळी तुटली, हत्ती फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून तो उभा केला. आमच्या भाचरांपैकी धाकट्याने त्याच्यापुढे बराच वेळ थांबून विचारलं, “याला कुणी डॉक्टरकडे नेलं होतं?” मोठ्याने सांगितलं, “दगडाचा आहे, येड्या.” धाकटा म्हणाला, “मग जोडला कशाला?” या प्रश्नाला आमच्याकडच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांतही सोपं उत्तर नाही.

गर्दी असते ती पेंग्विनपाशी. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. हम्बोल्ट पेंग्विन हा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. त्याला बर्फ लागत नाही. तरी काचेपुढे दर दुसरा बाप पोराला ‘हे बर्फात राहतात’ असं सांगत असतो. त्यालाही तेच सांगितलेलं असतं. आत १६ ते १८ अंशांची गार हवा पेंग्विनसाठी राखलेली, बाहेर मे महिना. म्हणून पेंग्विन बघून झाल्यावरही माणसं त्यांच्याबद्दलची आस्था टिकवून उभी राहतात. रखवालदार ‘चला पुढे, चला पुढे’ करत असतो. भाच्याच्या कृतिपत्रिकेत ‘मूळ स्थान: पेरू’ असं होतं आणि त्याखाली ‘आहार’ या रकान्यात त्याने आत्मविश्वासाने ‘पेरू’ लिहिलं होतं. खाडाखोड करून ‘मासे’ लिहिल्यावर तो जरा खट्टू झाला.

या पेंग्विनांची नावं डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह अशी. पुढे इथेच पिल्लं जन्माला आली आणि त्यांनाही इंग्रजी नावं पडली. त्यावर २०२५ मध्ये वाद झाला: मराठीला अभिजात दर्जा मिळालेला असताना मुंबईत जन्मलेल्या पेंग्विनचं नाव मराठी का नाही? मागणी करणारे सगळे मोठे होते. मुलांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत पन्नास नावं आली असती आणि एकही वाद न होता पिल्लू गोट्या झालं असतं. बागेत मुलांसाठी कार्यक्रम ठेवायचे तर नाव ठेवणं हा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम आहे. पण तेवढ्यात निवडणुका येतात.

मग सहल संपते, आणि खरी शिक्षा सुरू होते: निबंध. ‘प्राणिसंग्रहालयास भेट’. याचा साचा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. सकाळी लवकर उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, वाघ पाहून अंगावर शहारा आला, माकडांच्या मर्कटलीला पाहून हसू आवरेना, आम्ही सर्वजण आनंदाने घरी परतलो. वाघ झोपला होता, शहारा कुणालाच आला नव्हता आणि परतीच्या बसमध्ये तिघांना उलट्या झाल्या होत्या. पण निबंधाला त्याचं सोयरसुतक नसतं. आमच्या वर्गात एका मुलीने मात्र साचा मोडला. तिने वाघाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि मग पाऊण पान कावळ्याबद्दल. वाघाच्या खंदकात एक कावळा येऊन उतरला, वाघापासून चार हातांवर पडलेला मांसाचा तुकडा त्याने उचलला, भिंतीवर जाऊन बसला, तिथे दुसरा कावळा आला, त्याला त्याने काही दिलं नाही, मग दोघे भांडले, तुकडा खाली पडला, आणि इतकं होईपर्यंत वाघाने फक्त एक डोळा उघडला. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. आम्हाला कावळा दिसला नाही, कारण त्याला फलक नव्हता.

बाईंनी समासात लिहिलं: ‘कावळा हा प्राणिसंग्रहालयातील प्राणी नाही. विषयांतर.’

आता माझं म्हणणं मांडतो. प्राणिसंग्रहालयांच्या शैक्षणिक कार्यक्रमांबद्दल माझी तक्रार नाही. त्या ताईंसारखी माणसं असली की कार्यक्रम उत्तम होतो. तक्रार आहे ती बसमध्ये कोणाला बसवतो याबद्दल. ज्यांना साप दूध पितो असं वाटतं, ज्यांना वाघ उठवायचा असतो, ज्यांना पेंग्विनला बर्फ लागतो अशी खात्री असते, त्यांना आपण स्वयंसेवक म्हणून नेतो आणि ज्यांना शेपूट कुठे सुरू होते हे विचारायचं असतं त्यांना गप्प बसायला सांगतो. हे उलटं करून पाहायला हरकत नाही. २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह असतो. त्या आठवड्यात एक दिवस फक्त पालक, शिक्षक, ड्रायव्हर आणि आजोबांची शैक्षणिक सहल काढावी. त्यांना पिवळ्या टोप्या द्याव्यात, जोडीने हात धरून चालवावं, कृतिपत्रिका द्यावी, वाघापुढे तोंडावर बोट ठेवून उभं करावं. मोजायला सहावी ‘ब’ला न्यावं. कुणी टाळी वाजवली तर मुलांनी त्याच्या पालकांकडून, म्हणजे त्याच्या मुलांकडून, सही आणायला सांगावी.

मुख्याध्यापकांना ही कल्पना मी बोलून दाखवली. त्यांनी एसटीची सवलत मोठ्यांना लागू होत नाही, एवढं एकच कारण दिलं.

तेव्हा निदान तुम्ही तरी मुलांना घेऊन जाल तेव्हा सकाळी लवकर जा, वाघ जागा असतो. वेफर्स घरी ठेवा. फलक नंतर वाचा. मूल जिथे थांबेल तिथे थांबा, मग तो कावळा का असेना. आणि बुधवारी जाऊ नका. कात्रज काय आणि राणीची बाग काय, दोन्ही बुधवारी बंद असतात.